कोहळ्यावरची पहिली सुरी

रायपूरच्या बूढापाऱ्यात गोदावरीबाईंना गोदावरीबाई कोणी म्हणत नाही. बडीवाली काकी म्हणतात. तलावाकडून आत शिरलं की तिसरी गल्ली, सायकलवाल्या भैय्यालालचं दुकान, अन् दुकानाच्या बरोब्बर समोर काकीचं घर. थंडी पडली की गच्चीवर दोन बाजा टाकायच्या, बाजांवर जुनी धुतलेली लुगडी पसरायची, अन् त्यांच्यावर ओळीनं बड्या घालायच्या. उडदाची डाळ वाटून, फेसून, त्यात किसलेलं कोहळं घालून. तिकडे पुण्याकडे म्हणे ह्याला सांडगे म्हणतात. आमच्याकडच्या मराठी घरांत बडीच. इतक्या पिढ्या छत्तीसगढात काढल्या, एवढं तर होणारच.

नवरा गेला तेव्हा काकीचा सौमित्र आठ वर्षांचा होता. बड्या अन् पापड विकून तिनं पोरगा वाढवला. पण बडीत एक अडचण असते. अख्खं कोहळं बाईमाणसानं कापायचं नसतं. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, असं मानतात. आईनं लेकावर सुरी कशी ठेवायची? पहिली सुरी पुरुषानं ठेवायची, दोन फाका करून द्यायच्या. मग किसणं, पिळणं, फेसणं, सगळं बायांचं. नवरा गेल्यावर पहिल्या थंडीत काकीनं आठ वर्षांच्या सौमित्रलाच सुरी दिली. तो कोहळ्यावर घोड्यासारखा बसला, दोन्ही हातांनी सुरी खुपसली, अन् ती अशी रुतली की ना आत जाय ना बाहेर निघे. अख्खी गल्ली हसून राहिली होती.

त्यानंतर दर थंडीत तेच. आदल्या संध्याकाळी डाळ भिजवायची अन् पहाटे जिन्याखालून हाक मारायची, "सौमित्र, ऊठ गा! कोहळ्यावर सुरी ठेव!"

वरून घोगरा आवाज येई, "आई, कोहळं पळून चाललं का?"

"डाळ फुगून राहिली ना इकडे!"

औषधांच्या एजन्सीत नोकरी लागली, लग्न झालं, शेजारच्या दुर्ग गावची चित्रा सून म्हणून आली, तरी हाक तीच अन् कुरकुर तीच. चित्रा तेलीबांध्याला एका ऑफिसात जाई. तिला स्वयंपाकातलं फार येत नव्हतं, पण काकीच्या बडीची रस्साभाजी असली की भाताचा डोंगर संपवी. सौमित्र चिडवे, "आई, ही माझ्यासाठी नाही आली या घरात, बडीसाठी आली."

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत सौमित्रनं दोन कोहळी आणली. एक कापलं. दुसरं सुतळीच्या जाळीत घालून आढ्याला टांगलं. "हे होळीच्या आत करू," म्हणाला. होळी झाली, ऊन तापलं, कोहळं राहून गेलं. अन् मग एप्रिल आला.

त्या एप्रिलात रायपुरात काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. घरातले तिघंही तापानं पडले. दोघींचा ताप उतरला, सौमित्रला दम लागायला लागला. भैय्यालालनं दिवसभर फोन लावून लावून कुठंतरी बेड मिळवला. सौमित्र आपल्या पायानं गाडीपर्यंत गेला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "चार दिवसांत येतो आई. चित्राले जेवाले लाव. ती ताटात नुसती चिवडत बसते."

सहाव्या दिवशी फोन आला. दाराला तेव्हा पालिकेचा कागद चिकटवलेला, दोघींना बाहेर पडता येईना. भैय्यालाल गेला. अंगभर प्लास्टिक घालून तो चितेपासून लांब उभा राहिला, आला, दुकानाच्या पायरीवर बसला अन् गल्ली ओलांडून एवढंच बोलला, "काकी, होगे." झालं सगळं.

ना तोंड पाहिलं, ना आंघोळ घातली. मेलेल्या माणसाला कोमट पाणी घालतात, एवढंही नाही.

काकीकडे मग एकच काम उरलं. तो जे सांगून गेला होता ते. चित्राले जेवाले लाव.

ते काही सोपं नव्हतं. चित्रा रडत नव्हती. काकीही तिच्यासमोर रडत नव्हती. काकी नळ सोडून मोरीत रडे. चित्रा कुठं रडे ते काकीला कळलं नाही. विचारलं तर म्हणे, "ठीक है, आई." भाजी कशी झाली? ठीक है. झोप लागली का? ठीक है. ऑफिसला जाई, येई, अन् ताटात नुसता हात फिरवी. बडीची भाजी केली तरच काय ते चार घास पोटात जात. काकीनं मग डब्यातल्या बड्या पुरवून पुरवून वापरल्या. त्याही सौमित्रनंच फोडलेल्या कोहळ्याच्या. दिवाळी आली अन् डब्याचा तळ दिसला.

मधे चित्राच्या ऑफिसनं फोनवर एक कार्यक्रम ठेवला होता, संकटात मन खंबीर कसं ठेवायचं त्याचा. काकी पलीकडे लसूण सोलत होती. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आँखें बंद कीजिए. गहरी साँस लीजिए. और धीरे-धीरे छोड़िए." चित्रानं फोन पालथा घातला.

"काय सांगून राहिली होती वं ती?"

"साँस लो, म्हणते."

काकीच्या हातातला लसूण तसाच राहिला. "तो सहा दिवस तेच तर करून राहिला होता," ती म्हणाली. त्या बाईची काही चूक नव्हती. तिला कोणाच्या घरात काय झालं ते थोडंच माहीत होतं?

डिसेंबरात चित्रा ऑफिसात चक्कर येऊन पडली. बरोबरीची मुलगी रिक्षात घालून घरी घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले अन् काकीलाच झापलं, "हिला काही आजार नाही. ही खात नाही. असंच चाललं तर पुढल्या वेळेस मी काही करू शकणार नाही."

घरी येऊन काकीनं वर पाहिलं. आढ्याला कोहळं होतं. दहा महिने झाले, कोणी हात लावला नव्हता. आणणारा गेला, तर कापायचं कसं? अन् कापायचं कोणी? जाता-येता त्याच्याकडे पाहायचं नाही, एवढंच दोघींनी न बोलता ठरवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी काकीनं डाळ भिजवली. मनात धरलं होतं, सकाळी भैय्यालालला विचारू. बस, एवढंच ठरवलं होतं.

पहाटे उठली. डाळीवरचं फडकं काढलं. डाळ टम्म फुगलेली. तिनं जिन्याशी जाऊन नेहमीच्या खणखणीत आवाजात हाक मारली, "सौमित्र, ऊठ गा! कोहळ्यावर सुरी ठेव!"

समोर भैय्यालाल दुकानाचं शटर उचलत होता. ते कमरेपर्यंत येऊन थांबलं.

काकीनं तोंडावर हात दाबला अन् ती पायरीवरच बसली. वर दार वाजलं. चित्रा खाली आली, दोन पायऱ्या वर थांबली. काकीला वाटलं आता ही कोसळते. केलं काय आपण! आठ महिने जपलं अन् एका हाकेत...

चित्रा हळूच म्हणाली, "आई, मी रोज सकाळी त्यांचापण चहा टाकते. तुम्ही यायच्या आत ओतून देते मोरीत."

"रोज?"

"रोज."

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही काहून नाही सांगितलं, नळ सोडून काय करता ते?"

काकी उठली, स्टुलावर चढली अन् जाळी सोडली. कोहळं मांडीवर घेऊन अंगणात बसली. त्याच्यावर जळमटं, धूळ, अन् खाली त्याची स्वतःची पांढरी राख. कोहळ्याला असते तशी.

"पाणी कोमट कर," ती म्हणाली.

चित्रानं पातेलं आणलं. काकी एका हातानं कोहळं धरून दुसऱ्यानं चोळायला लागली. राख निघाली, खालून हिरवी साल दिसली. एक बाजू झाली तसं तिनं ते अलगद पालथं केलं, लहान पोराला पाठ धुवायला करतात तसं. चित्रा वरून धार धरून होती. मग धार वेडीवाकडी झाली अन् ती काकीच्या खांद्यावर डोकं टाकून मोठ्यानं रडायला लागली. काकीही. नळ बंद होता. गल्लीला सगळं ऐकू गेलं. गल्लीनं दारं लोटून घेतली, पण आवाज बंद करायला कोणी सांगितलं नाही.

ऊन अंगणात आल्यावर काकीनं भैय्यालालला बोलावलं. तो ग्रीसचे हात साबणानं दोनदा धुऊन आला, पण सुरी घेईना.

"मोर हाथ ले, काकी?" माझ्या हातानं?

"त्याले शेवटचं तूच पोचवलं ना गा बापा. तूच ठेव."

भैय्यालालनं कोहळ्याला कुंकू लावलं, तोंड फिरवलं अन् सुरी ठेवली. कोहळं दुभंगलं. एक फाक आतून काळी पडून सडली होती, वास मारत होती. दुसरी फाक बरी होती. बरी ती किसली, सडकी परसात पुरली. त्या दिवशी एकाच बाजेवर बड्या झाल्या, त्याही अर्ध्याच.

उरलेल्या पिठाचे काकीनं वडे तळले. गरम गरम चित्राच्या ताटात ठेवले अन् पदरानं हात पुसत उभी राहिली. चित्रानं एक तोडला, चावला.

"कसा आहे?"

काकीनं 'ठीक है' ऐकायची तयारी ठेवली होती.

"मिरची कमी आहे, आई."

"त्याले ठसका लागे ना. हात तसाच पडतो आता."

"माहीत आहे. म्हणून मी चोरून वरून मिरची खायची."

काकी आत गेली, दोन हिरव्या मिरच्या आणल्या, मिठात चेचल्या अन् ताटाच्या कडेला ठेवल्या. चित्रानं दुसरा वडा उचलला. खाता खाता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं की कशानं ते काकीनं विचारलं नाही.

गच्चीवर कावळे जमले होते. काकी काठी घेऊन वर गेली. लुगड्यावर ओल्या बड्या पांढऱ्या दिसत होत्या, तलावाकडून गार वारा येत होता. तिनं कावळे हाकलले, बाजेच्या कडेला टेकली अन् कोणी ऐकेल न ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "जेवली गा ती. दोन खाल्ले."