नजरेसमोर बसणारी

आमच्या डहाणूच्या कारखान्यात गणपतीचं सगळं मी करायचे, डोळे सोडून. शाडू मळणं, साच्यातून मूर्ती काढणं, सोंड ओल्या हाताने गुळगुळीत करणं, अंगाचा रंग, पितांबराची किनार, गालावरची गुलाबी झाक, सगळं माझं. डोळे मात्र यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे. घोलवडच्या चिकूच्या वाडीतून लग्न होऊन आले तेव्हाच हे म्हणाले होते, "मातीत काय ते तू कर, डोळ्यांची आखणी मी करणार." मला वाटलं, दोनचार वर्षांनी शिकवतील. शिकवतायत डोंबल! २०१४ साल उजाडलं, माझे केस पिकले, तरी बुबुळाचा बारीक ब्रश माझ्या हाती आला नव्हता.

यांची आखणीची रीतच जगावेगळी. आमच्याकडे गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आणून देतं, त्यावर मूर्ती बसवायची. पाट घेतानाच हे विचारून ठेवायचे, मखर केवढं उंच, घरातली माणसं समोर बसतात की उभी राहतात. मग आखणीच्या दिवशी तेवढ्याच उंचीच्या विटा रचून त्यावर मूर्ती ठेवायची आणि समोर चटईवर मला बसवायचं. देवाची नजर माझ्या नजरेला भिडली पाहिजे, म्हणजे घरच्यांना भिडेल. हे स्वतः कधी मूर्तीसमोर उभे राहिले नाहीत. बाजूला उभं राहून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "हलू नकोस."

भर दुपारची वेळ असायची. दाराला ताडपत्री, एका खिडकीतून उजेड. आधी एकच बुबुळ काढायचे. इतका वेळ मी थापटलेला, मी रंगवलेला मातीचा गोळा, तो अचानक एका डोळ्याने माझ्याकडे बघायला लागायचा. दुसरा डोळा पांढराफटक. सरसरून काटा यायचा अंगावर. लोक म्हणतात सवय होते. मला कधी झाली नाही. श्रावणात रोज इतक्या देवांनी बघितल्यावर संध्याकाळी भाकरी थापतानासुद्धा वाटायचं, पाठीमागून कोणीतरी बघतंय, आणि मी उगाचच पदर सारखा करायचे.

पण रात्रीचं जेवण झालं की हेच खोबरेल तेल कोमट करून आणायचे आणि शाडूने भेगाळलेली माझी बोटं एकेक करून चोळायचे. माणसावर धड रागावताही येऊ नये, हा काय छळ!

एकदा मी हट्टच धरला. "मला एक तरी करू द्या."

"तू आखणी केलीस तर समोर कोण बसणार?"

"तुम्ही बसा की."

हे मोठमोठ्याने हसले. विषय तिथेच संपला.

२०१७ च्या विसर्जनानंतर धाकटी डहाणू गावातली एक कोळीण घरी आली. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. पदराखाली बोंबील घेऊन आली होती, पण बसेना. शेवटी म्हणाली, "वहिनी, राग नको मानू. पण यंदा बाप्पा आमच्याकडे बघतच नव्हता. दाराकडे बघायचा. आम्ही पण मग सारखे दाराकडे बघायचो, कोण येतंय म्हणून." आठवड्याने तलासरीच्या एका मास्तरांनी फोनवर हेच सांगितलं. चारोटीला चहाला थांबलो तर तिथला हॉटेलवाला, तोही आमचाच गणपती नेणारा, तेच बोलला, आणि बोलताना त्यानेही मागे वळून पाहिलं. या तिघांची एकमेकांशी ओळखदेख नाही. आणि त्या वर्षी मलाही वाटलं होतं की नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागे जातेय. मी वेडी, मला वाटलं, चला, एकदाची सवय झाली.

मग माझं लक्ष गेलं. हे चहाचा कप चाचपून उचलत होते. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने डोळ्यांचे पडदे गेलेत, आता कडेकडेचं तेवढं दिसत असणार. यांनी मला पत्ता लागू दिला नव्हता.

"बोलला का नाहीत मला?"

"बोललो असतो तर तू ब्रश मागितला असतास."

मी हातातली कढई अशी आपटली की शेजारीण धावत आली. माणसाचे डोळे गेले तरी ब्रश सुटत नाही म्हणजे काय!

पुढच्या वर्षीही आखणी यांनीच केली. डावा अंगठा मूर्तीच्या भुवईवर टेकवायचा आणि अंदाजाने ब्रश लावायचा. मी समोर बसलेली. एका दुपारी यांचा हात मध्येच थांबला. "तुझ्या मागे कोण उभं आहे?"

मी वळून पाहिलं. नुसती ताडपत्री.

"हललीस!" हे ओरडले.

"अहो, मागे कोणी नाहीये."

"आहे की. पिवळी साडी. केसांत अबोली."

पिवळी साडी नेसून, अबोली माळून मी या कारखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. ती साडी फाटून तिची फडकी झाली, त्यालाही जमाना लोटला. डॉक्टर म्हणाले, नजर जाताना असं होतं, नसलेलं दिसतं, घाबरू नका. त्यांचं बरोबर असेल. पण त्यांच्या दवाखान्यात देव तिच्याकडे बघत नव्हते ना! माझ्या हातच्या मूर्ती मला ओलांडून तिच्याकडे बघत होत्या. मी चिडून म्हटलंसुद्धा, "आता काय, मीच माझी सवत?" हे हसले नाहीत.

त्याच हिवाळ्यात जमीन हलायला लागली. तलासरीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपायची. आमच्याकडे साचे एकमेकांवर खडखडायचे, आणि थांबल्यावर जी शांतता पसरायची ती नकोशी वाटायची. धक्के पुढच्या पावसाळ्यातही सुरूच राहिले.

२०१९ च्या त्या पावसाळ्यात सगळ्या फळ्या भरल्या. मूर्ती रंगून तयार, डोळे तेवढे कोरे. हे पहिल्या मूर्तीजवळ उभे राहिले, भुवई चाचपली, ब्रश उचलला आणि तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग खाटेवरून उठेनातच. चतुर्थी तोंडावर आलेली, लोक दारात येऊन विचारत होते, आणि आत आंधळे गणपती रांगेने उभे. असे देव कोण घरी नेणार?

"दुसरा कारागीर बोलावू?" मी विचारलं.

"नको."

"मग मी करू?"

यांनी भिंतीकडे कूस वळवली. खरं सांगते, यांनी दुसऱ्याला बोलावलं असतं तर मी त्याच दिवशी पिशवी भरून घोलवडला गेले असते. मला ते डोळे हवे होते. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

एका दुपारी मोठा धक्का बसला. मी कारखान्यातच होते. फळ्या थरथरल्या आणि डोळे नसलेले सगळे गणपती एकदम माना हलवायला लागले. जमीन थांबल्यावरही ते जरा वेळ हलत राहिले.

"पडला का कोणी?" खोलीतून यांचा आवाज आला.

"नाही. कोणी नाही."

हे भिंत धरत धरत आले. चटई शोधली, स्वतःच्या हाताने मूर्तीसमोर पसरली आणि तिच्यावर बसले. म्हणाले, "घे."

मी ब्रश उचलला. म्हटलं, "त्या पिवळ्या साडीवालीला सांगा, बाजूला हो म्हणावं."

"गेली ती. आत्ता, तू ब्रश उचललास तेव्हा."

बाजूला उभी राहिले, रंग घेतला, बाह्यरेषा काढली. बुबुळ कधी टेकवणार ते सांगितलं नाही, आणि यांना तर आता उजेडसुद्धा नीट कळत नव्हता. मी बुबुळ टेकवलं.

समोर यांचा श्वास थांबला.

छाती हलेना. तोंड अर्धवट उघडं, चेहरा मूर्तीकडे. मी वाट पाहिली. मग ओरडलेच, "अहो! अहो!"

यांनी खोल श्वास घेतला. "भिडली," म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुला कळायचं तसंच. दर वेळी तुझा श्वास थांबायचा. त्यावरूनच मला कळायचं की नजर भिडली. मग तो परत सुरू होईपर्यंत माझा जीव टांगणीला. दर वेळी वाटायचं, आज काही सुरू होत नाही."

"आणि तरी मला बसवायचात?"

"तरी बसवायचो."

राग आला, रडूही आलं. कुठलं आधी ते नाही सांगता येत. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी नुसती समोर बसते, आणि हा माणूस त्यात माझा जीव पणाला लावत होता, वर रात्री बोटांना तेल चोळत होता.

मूर्तीचा एक डोळा अजून पांढरा होता. हे जमिनीवर हात टेकून उठू लागले.

"हलू नका," मी म्हटलं.