लिंबाची फोड

पोह्यांवर लिंबू पिळलं की सातपूरच्या खोलीतली ती सकाळ आठवते. अंबडच्या कारखान्यात माझा इंटरव्ह्यू होता. आयटीआयमध्ये लेथ चालवून माझ्या नखांत काळं ऑइल मुरलेलं, आणि वहिनी लिंबाची फोड घेऊन ती नखं घासत बसली होती. कातडी नुसती चरचरत होती.

"असले हात बघून कोण घेईल तुला?"

मी हात हिसकावून घेतला. "वहिनी, मी लेथवर काम मागायला चाललेय, बघण्याच्या कार्यक्रमाला नाही!"

तिचा तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, बिचारीने आयुष्यात तेवढीच एक मुलाखत दिली होती.

आज तिथेच इंटरव्ह्यू मी घेते. एखादी मुलगी टेबलाखाली हात लपवायला लागली, की मी आधी सांगते, "हात वर ठेव. ऑइल दिसू दे."