धावपट्टीवरचे पांढरे खडे

माझे थोरले मामा सव्वीस वर्षं एकच काम करत होते. लष्कराच्या विमानतळावरची धावपट्टी पायी चालायची आणि तिच्यावर पडलेलं जे काही दिसेल ते उचलायचं. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, मेलेलं पाखरू. विमानाचं इंजिन हवा ओढतं तेव्हा खडाही ओढतं, आणि आतली पाती तुटली की विमानाचं काही खरं नाही. उजाडलं की अडीच किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं आणि कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय टॉवर पहिल्या विमानाला परवानगी देत नसे. आम्ही भाचरं त्यांना खडेमामा म्हणायचो.

खडेमामांना बहुतेक माणसांचा तिटकारा होता आणि तो लपवायचे कष्ट ते घेत नसत. विमानतळ नागरी खात्याकडे जायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात लष्कराच्या साहेबलोकांनी पंखे नेले, पडद्यांचे दांडे नेले, खानावळीतल्या नळांच्या तोट्यासुद्धा पिळून काढल्या.

"सीमा सांभाळायला निघालेत," मामा म्हणाले, "आणि तोटी सोडवत नाही."

नवे आले ते त्यांच्या लेखी याहून हलके. व्यवस्थापक आधी एक मॉल चालवायचा. त्याने विमानं ठेवायच्या हँगरचं प्रतीक्षालय केलं, शस्त्रं ठेवायच्या खोलीत अत्तराचं दुकान थाटलं, जुन्या लढाऊ विमानाला आकाशी रंग फासून त्याच्यापुढे फोटोसाठी चौकट उभी केली. मामांना नवा शर्ट मिळाला. त्याच्या छातीवर लिहिलेलं, 'मी आपली काय मदत करू?'

"धावपट्टीवर कोणाची मदत करू? टिटव्यांची?" मामांनी विचारलं. शर्ट त्यांनी सायकल पुसायला घेतला.

पहिल्या प्रवासी विमानातून मंत्री येणार होते. दोन दिवस आधी व्यवस्थापकाने शोभेसाठी धावपट्टीच्या तोंडाशी, दोन्ही कडांना, पांढरेशुभ्र खडे अंथरले. मामा तडक त्याच्या खोलीत गेले.

"साहेब, हे खडे उचलावे लागतील."

"का? छान दिसताहेत की."

"छान दिसतात म्हणून इंजिन त्यांना वगळत नाही."

व्यवस्थापक हसला. "काका, तुमचा काळ वेगळा होता. आता झाडायचं मशीन येतंय. तुम्ही निवांत राहा."

मंत्री यायच्या दिवशी सकाळी वारा सुटला. निम्म्या वाटेपर्यंत मामांना धावपट्टीवर अकरा पांढरे खडे सापडले. त्यांनी ते रुमालात बांधले, पण सही केली नाही. टॉवरला फोन करून सांगितलं, "धावपट्टी विमान उतरण्यासारखी नाही."

विमान तर निघालेलं होतं. व्यवस्थापक धापा टाकत आला. मागे वाजंत्री, हारतुरे, कॅमेरे.

"काका, सही करा. तमाशा नको."

"कागदावर लिहिलंय, धावपट्टी स्वच्छ आहे. ती नाही."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. गेली तरी खडे इथेच राहणार ना?"

दुसऱ्या कोणाला सहीचा अधिकार देणारा हुकूम अजून निघालेला नव्हता. नव्या लोकांना चौकट सुचली होती, पण हे सुचलं नव्हतं. मग विमान वर घिरट्या घालत राहिलं आणि खाली व्यवस्थापक, त्याचे दोन टायवाले मदतनीस आणि ढोल बाजूला ठेवलेले वादक गुडघ्यांवर बसून कचऱ्याच्या पिशव्यांत खडे भरू लागले. मामा हात पाठीशी बांधून उभे होते. बुटाच्या टोकाने दाखवत होते.

"तो एक राहिला. तुमच्या टायखाली."

चाळीस मिनिटं लागली. मग मामा पुन्हा पूर्ण पट्टी चालले, घाई न करता, आणि सही केली. विमान उतरलं. भाषणात मंत्र्यांनी 'तांत्रिक कारणाने' झालेल्या उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सगळ्यात जोरात टाळ्या व्यवस्थापकाने वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात मामांच्या हाती शिट्टी देऊन त्यांना गाड्या लावायच्या जागेवर पाठवलं. अकरा दिवस त्यांनी ते केलं. बाराव्या दिवशी एका ओळीचा राजीनामा दिला आणि शिट्टी अर्जाला टाचणीने टोचायचा प्रयत्न केला. ती बसेना, म्हणून टेबलावर ठेवून आले.

मामी चिडली. "सही करून टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

"दीडशे माणसं," मामा म्हणाले आणि जेवत राहिले.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला मुलगी झाली. तिने दोघांना विमानाची तिकिटं पाठवली. मामांनी आपलं तिकीट परत केलं.

"सकाळी तिथे कोण चालतं ते मला माहीत नाही. त्या मॉलवाल्याच्या भरवशावर मी उडणार नाही."

ते एकोणीस तास रेल्वेने गेले. मामी मात्र विमानाने गेली, खिडकीपाशी बसून. ती तासाभरात पोचली, नातीला न्हाऊ घातलं, रात्रभर झोपली आणि दुसऱ्या दिवशी मामांना आणायला स्टेशनवर गेली.