जाळ्यांमधली माती

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील रत्नागिरीकडे चिरेखाणीवर होते. चिरे भरलेल्या ट्रकवर, त्या चिऱ्यांवरच बसून ते घाट उतरायचे. मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि ओमानमध्ये, रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, एका युरोपियन ट्रककंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलो. दोन हजार चौदा-पंधराचा सुमार असेल. ट्रकवर बसणाऱ्याचा मुलगा ट्रकला पास-नापास करायला लागला, हे मी आजही छाती काढून सांगतो. आता जे सांगणार आहे ते मात्र छाती काढून सांगण्यासारखं नाही.

वर्कशॉपच्या वरच्या खोलीत मी ड्रायव्हर लोकांचा वर्ग घ्यायचो. हिंदीतून. सुरुवातीला कंपनीचा इतिहास असायचा. आधी रेल्वेचे डबे, मग बस, मग लष्कराच्या गाड्या. युद्धात कारखाना बेचिराख झाला, त्याच जागेवर पुन्हा उभा राहिला. पुढे लांब नाकाचे ट्रक निघाले. त्यातले काही म्हातारे निझवाच्या बाजूला तेव्हाही पाण्याच्या टाक्या वाहत होते. मग नाक गेलं, केबिन इंजिनावर चढली, आणि शेवटी गिअरही गाडी स्वतःच टाकायला लागली. प्रत्येक फोटोत मागे बर्फाचे डोंगर. मला ते फोटो फार आवडायचे. आपण कुठल्या कुठे येऊन पोचलो, असं वाटायचं.

मग यायचा रिटार्डर. हा माझा आवडता भाग. उतारावर भरलेली गाडी नुसत्या पायाच्या ब्रेकवर धरली तर ड्रम तापतात, लायनर जळतात आणि मग पेडल दाबून काही होत नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या मागे एक डबा बसवलेला असतो. आत समोरासमोर दोन पंखे, मध्ये तेल. एक पंखा चाकांबरोबर फिरतो, दुसरा जागचा हलत नाही. तेल त्या दोघांत घुसळलं जातं आणि गाडीला मागे ओढून धरतं. घासणं नाही, झिजणं नाही. स्टीअरिंगजवळची दांडी खाली ओढायची की झालं.

एकदा वर्गात माणदेशातल्या एका ड्रायव्हरने हात वर केला. पन्नाशीचा माणूस, खंबाटकीत टेम्पो हाकून मग आखातात आलेला.

"सायेब, गाडी धरली ती धरली. पर त्यो जोर जातो कुठं?"

"तेल तापतं. तेलाची उष्णता रेडिएटरच्या पाण्यात जाते."

"आन पाणी कोण गार करतंय?"

"रेडिएटर."

"या उन्हात?"

सगळे हसले. मीही हसलो आणि पुढची स्लाईड लावली.

आमचा हेड फिटर मालवणकडचा. शाळा आठवीपर्यंत, पण लांब नाकाच्या गाड्यांपासून सगळी इंजिनं त्याने हाताने उघडलेली. मी त्याला काका म्हणायचो, तो मला साहेब. त्याचं ते साहेब कधी मानाचं असायचं, कधी चिमटा.

त्या उन्हाळ्यात एका कंत्राटदाराचे सहा ट्रक आमच्याकडे सर्व्हिसला यायचे. जबल अख्दरच्या डोंगरावर हॉटेल बांधत होते. काम संपत आलं होतं आणि आता वरची यंत्रं खाली आणायची होती. म्हणजे ट्रक रिकामे चढणार आणि भरून उतरणार. तो रस्ता ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. पायथ्याला पोलिसांची चौकी आहे, फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर छोटी गाडीसुद्धा परत पाठवतात. उतारावर ठिकठिकाणी बाजूला चढत गेलेले खडीचे पट्टे आहेत, ब्रेक गेलेल्या गाडीने घुसायला. असे पट्टे कुणी हौसेने बांधत नाही.

कंत्राटदाराच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, गाडी चकचकीत लागायची. आमच्याकडे रीतच होती, धुळीचं वारं येऊन गेलं की गाडी आत घ्यायची आणि पुढून जोराच्या पाण्याने धुवायची. जाळीतून काळं पाणी गळायचं, जाळी चांदीसारखी चमकायची. मी कागदावर लिहायचो, रेडिएटर साफ.

माणदेशी ड्रायव्हरची गाडी त्यातलीच एक. मी लॅपटॉप जोडला. लाल काही नाही. खाली हिरव्या अक्षरांत एकच ओळ पाचदा होती: पाण्याचं तापमान वाढल्यामुळे रिटार्डरचा जोर कमी केला. दोष नाही, माहिती. मी म्हटलं, दांडी जास्त ओढतोय हा.

काका मागे उभा होता. "साहेब, रेडिएटर उतरवया. माका बरा वाटणा नाय."

"उतरवायला एक दिवस जाईल काका. अर्बाब खाली उभा आहे. आणि फॉल्ट कुठाय? सगळं हिरवं आहे."

"हिरवा तर शेवाळ पण असता. तेच्यारच पाय घसराता."

बाकीची पोरं खिदळली. माझे कान तापले. मी म्हटलं, "काका, डिग्री कोणाकडे आहे?"

 काका पुसायचं फडकं खांद्यावर टाकून दुसऱ्या गाडीखाली गेला. मी सही केली. ड्रायव्हरने चावी घेतली, "येतो सायेब" म्हणाला आणि गेला. ही सकाळची गोष्ट.

बाराच्या सुमारास त्याच कंत्राटदाराची दुसरी गाडी धुवायला लागली. काकाने केबिन पुढे कलंडवून ठेवायला लावली होती, त्यामुळे इंजिन उघडं होतं. पुढून पाण्याचा फवारा चालू, आणि काका मागच्या बाजूने, पंख्याच्या अंगाने, रेडिएटरला तळहात लावून उभा.

"साहेब, हंय येवा. हात घाला."

मी हात घातला. कोरडा. पुढून भिंत फुटेल इतकं पाणी मारताहेत आणि मागे थेंब नाही. आत एकामागे एक तीन जाळ्या असतात: एसीची, टर्बोच्या हवेची आणि शेवटी रेडिएटर. इथली धूळ मैद्यासारखी. पुढून मारलेलं पाणी ती धूळ आत ढकलत होतं आणि उन्हात जाळ्यांच्या मध्ये तिची वीट भाजली जात होती. आम्ही गाडी धूत नव्हतो, तिचं नाक बुजवत होतो. आणि प्रत्येक वेळी साफ म्हणून मीच लिहीत होतो.

मी धावत वर गेलो, मॅन्युअल काढलं. हिरव्या ओळीचा अर्थ तिथे साध्या भाषेत होता. पाणी ठरावीक मर्यादेच्या वर तापलं की इंजिन वाचवण्यासाठी यंत्रणा रिटार्डरचा जोर आपोआप काढून घेते. इंजिन वाचवण्यासाठी. उतार, वजन, आत बसलेला माणूस, यांचा तिथे उल्लेख नव्हता. सपाटीवर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. लांब उतारावर, भरलेल्या गाडीत, जेव्हा माणूस त्या दांडीच्या भरवशावर असतो तेव्हाच ती दांडी हळूहळू पोकळ होत जाणार. आणि वर्गात मीच शिकवलं होतं, गिअर गाडीवर सोडा, पाय ब्रेकवर नेऊ नका.

फोन लावला. बंद. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं: गाडी भरू नका, उतरू नका, तिथेच थांबा. एकच टिक आली. अर्बाबला लावला.

"गाडी तर भरली, इंजिनिअर. जनरेटर चढवला. निघेल आता. इन्शाल्ला, काही होत नाही."

"साइटवर फोन करा, थांबवा त्याला!"

"सकाळी तू पास केली ना? खलास."

काकाने न सांगता पिकअप काढली होती. निझवाच्या रस्त्याला लागलो. तास-सव्वा तासाचा रस्ता. डांबरावर पाणी साचल्यासारखं ऊन लकाकत होतं. मी दर दोन मिनिटांनी फोन बघत होतो. एकच टिक. शेवटी काका म्हणाला, "फोन ठेवा खाली. तो बघान मेसेज काय वर पोचाचो नाय."

चौकीवर विचारलं. पोलीस म्हणाला, ट्रक अजून उतरलेला नाही. मला त्यात आनंद मानावा की काय कळेना. वर चढताना प्रत्येक वळणाला मी आधी दरीकडे बघत होतो, मग रस्त्याकडे. पहिला खडीचा पट्टा रिकामा. त्याच्या वर दोन वळणं गेली आणि वास आला. जळलेल्या लायनरचा वास नाकात कसा बसतो ते वर्कशॉपमधल्या माणसाला विचारा. काकाने काच खाली केली आणि वेग वाढवला.

दुसऱ्या पट्ट्यात ट्रक होता. ॲक्सलपर्यंत खडीत रुतलेला, नाक आभाळाकडे, चाकांतून धूर. जनरेटरच्या साखळ्यांपैकी एक तुटून लोंबत होती. ड्रायव्हर रस्त्याच्या कठड्यावर बसला होता. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले.

काकाने त्याला पाणी दिलं. हात बाहेर काढावे लागू नयेत म्हणून बाटली स्वतःच तोंडाला लावली.

मी जवळ गेलो तसं तो म्हणाला, "दांडी वडली सायेब. तुमी सांगितल्याली तशी. पयली दोन वळणं झ्याक धरलं. मग दिवा लागला आन हातातली दांडी मेली. गिअर खाली टाकाया गेलो तर गाडी न्हाई म्हनती. लई पळाय लागलीया म्हनं, टाकता येत न्हाई. मग पायाचं बी गेलं."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "सकाळी काका सांगत होते."

 त्याने काकाला विचारलं, "ह्यो पट्टा हुकला आसता तर खाली काय हाय वो?"

काका म्हणाला, "इचारू नको."

रेडिएटर उतरवला तेव्हा जाळ्यांच्या मधून मातीच्या लाद्या निघाल्या. मी फोटो काढले, धुण्याची पद्धत लिहिली, माझी सही आणि काकाने सकाळी दिलेला इशाराही लिहिला, आणि अहवाल युरोपात पाठवला. सभ्य उत्तर आलं. धुण्याच्या सूचना जोडल्या होत्या, आणि एक वाक्य: यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालली. ते खरंच होतं. 

उरलेल्या गाड्या जाळ्या सुट्या करून धुतल्याशिवाय मी सोडणार नाही म्हटलं. प्रत्येकीला एक दिवस. अर्बाबने दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी गाड्या रस्त्यापलीकडच्या गॅरेजात नेल्या. तिथे त्या तासाभरात धुऊन निघत. आमच्या गेटवरून दिसायच्या, ओल्या, चकचकीत.

अर्बाबने माणदेशी ड्रायव्हरला आठवड्याने त्यातलीच एक गाडी दिली. नाही म्हणायची सोय नव्हती, व्हिसा मालकाच्या हातात. जायच्या आधी तो गेटवर आला.

"सायेब, हिच्या आत माती हाय का न्हाई?"

"माहीत नाही. मी उघडून बघितलेली नाही."

"आसंल आसं धरून चालू का?"

"धरूनच चाला. वरूनच खालच्या गिअरात निघा, गिअर हाताच्या ताब्यात ठेवा. दांडीवर विसंबू नका. दिवा लागला की थांबा, कुणी कितीही यल्ला यल्ला, चल चल करू दे."

"ह्ये त्या वर्गात सांगायचं हुतं," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

त्या दिवशी मी दुसऱ्या पाच गाड्यांची कामं केली, त्यातलं एकही आठवत नाही. दुपारनंतर त्याचा मेसेज आला. चौकीवरून. एकच शब्द: उतरलो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर गेला.