दुधात पाणी नव्हतं

परीक्षकाला लोक पाहुणा समजतात, तिथंच सगळं बिघडतं. मी कामाच्या जागी जाऊन शिकाऊ लोकांची परीक्षा घेते. दूध तपासणं हा माझा विषय. माणसाला काम येतं की नाही, एवढंच मला बघायचं असतं. पण जुन्नर-आंबेगावात गाडीतून उतरले की आधी पाणी, मग चहा, मग "जेवल्याबिगर कामाला हात लावायचा न्हाई." आणि एकदा पाहुणीनं घरचं खाल्लं की ती घरच्यांना नावं ठेवील कशी?

त्या दिवशी श्रावणी सोमवार होता. आंबेगाव तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रात एकाच बाईची परीक्षा होती. तिशीतली, गावातलीच सून, घरी दोन गाई. वर्षभर त्याच केंद्रात काम करत शिकायचं, परीक्षा द्यायची आणि पास झाली की तिथंच तपासनीस म्हणून कायम व्हायचं, असं ठरलं होतं. घरच्यांचा विरोध पत्करून आली होती, हे तिनं मला आल्या आल्या सांगितलं. नवं लुगडं नेसली होती आणि हात सारखे पदराला पुसत होती.

केंद्रचालकाला मी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, तीन बाटल्या तयार ठेवा आणि त्यातल्या एकीत पाणी घाला. कुठल्या बाटलीत, ते तिला सांगू नका. भगर-आमटीचा आग्रह कसाबसा परतवून मी बाटल्या मांडायला लावल्या. तिनं पहिल्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. दुसऱ्यात सोडला. तिसऱ्यात सोडेपर्यंत तिची नजर दाराशी उभ्या चालकाकडे जाऊन आली होती.

"मधली," ती म्हणाली. "मधल्या बाटलीत पाणी हाय."

मी स्वतः लॅक्टोमीटर घेतला. तिन्ही बाटल्यांत तो निर्भेळ दुधाच्याच रेघेवर तरंगत होता. एकीतही पाण्याचा थेंब नव्हता.

"पाणी का नाही घातलं?" मी चालकाला विचारलं.

त्यानं कानाच्या पाळ्यांना हात लावला. "मॅडम, आज सोमवार. ह्याच दुधातलं तांब्याभर भीमाशंकरला अभिषेकाला गेलंय. त्यात पानी घालून पाप कोन घेनार?"

"मग हिनं मधलीच बाटली कशी सांगितली?"

तो हसला. "तेवढं सांभाळून घ्या की."

माझं डोकंच फिरलं. दुधात पाणी घालणं पाप, पण शिकाऊ बाईला खोटं पढवून परीक्षेला उभं करणं चालतं? ते कुठल्या देवाला चालतं? मी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

दार लागल्यावर ती खाली बसली. मी विचारलं, वर्षभर काय शिकलीस? ती म्हणाली, "कॅन धुतले. फरशी धुतली. सगळ्यांचा च्या केला. फॅट मोजायच्या मशीनला हात लावला तर म्हनायचे, बिघडंल, तुजं काम न्हाई ते." वर्षभर! एका धडधाकट, शिकायला आलेल्या बाईला फुकटची मोलकरीण म्हणून राबवलं आणि वर माझ्यापुढे उभी केली, पास करा म्हणून.

चालकानं बाहेरून आवाज दिला, "पास करून टाका, मॅडम. तुमचं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं, खरंच. पण नापास करायचं तर कुणाला? माझ्यापुढच्या कागदावर फक्त तिचं नाव होतं. ज्यानं शिकवलं नाही त्याच्या नावापुढे काही लिहायची सोयच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती माझ्याच हातानं. माझं पेन तसंच थांबलेलं पाहून ती बोलली.

"मला नापासच करा, मॅडम."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊंद्या. पन हितं दूध घालायला निम्म्या बायाच येतात. उद्या मी चुकीची फॅट लावली तर दुधाचा भाव पडून त्यांच्या पोटावर पाय येनार. मला जमत न्हाई ते मी कसं करू?"

मी लिहिलं, अजून तयार नाही. बाहेर येऊन चालकाला चार लोकांत सुनावलं, की हिला मशीनवर शिकवा आणि मग मलाच बोलवा. त्यानं मान डोलावली, नारळ पुढे केला. मी घेतला नाही. वरिष्ठांना सगळं कळवलं. "आपलं काम गुण देण्याचं, केंद्र चालवण्याचं नाही," असं उत्तर आलं.

बोलावणं काही आलं नाही. दिवाळी झाल्यावर एकदा नारायणगावच्या स्टँडवर जीपची वाट बघत होते, तेव्हा तिचाच फोन आला. तिनं कुठून तरी एक लॅक्टोमीटर मिळवला होता. घरच्या दुधात रोज थोडं थोडं पाणी घालून ती त्याची रेघ वाचायला शिकली होती. "सासू लई बोलली, पाप करती म्हनून. पन आता मला वळखू येतं, मॅडम. चमचाभर न्हाई, पन वाटीभर पानी असलं तर वळखू येतं."

"मग परीक्षेला का नाही बोलवत मला?"

तिनं सांगितलं, परीक्षा होऊन गेली होती. दुसरे कुणी परीक्षक आले, मासवडीचं जेवण झालं, आणि चालकाचा पुतण्या पास झाला. मशीनवर आता तो बसतो. बाया रोज भांडतात, फॅट कमी का लागली म्हणून.

भर स्टँडवर मी मोठ्यानं शिवी दिली. शेजारचा माणूस दचकून बाजूला सरकला.

"तुमी मला नापास केलं ते बरोबरच व्हतं," ती म्हणाली. "मला येतच नव्हतं. पन ज्यांनी शिकवलं न्हाई, त्यांना नापास करायला कोन येनार हाय?"

तेवढ्यात तिकडून कुणीतरी तिला कॅन धुवायला हाक मारली, आणि फोन बंद व्हायच्या आधी रिकामे कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.