आधी समोरच्याचं सांगणारे अध्यक्ष

अध्यक्षांशी भांडायला गेलेला माणूस बहुतेक वेळा भांडण विसरून परत यायचा. कारण आपण तोंड उघडायच्या आत ते म्हणायचे, "थांबा. आधी तुमचं म्हणणं मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा." आणि मग आपली तक्रार ते आपल्यापेक्षा सुरेख मांडायचे. आपण "हो, हेच" म्हटल्याशिवाय स्वतःचा एक शब्द काढायचे नाहीत. तोवर निम्मा राग उतरलेला असायचा.

ते कशाचेही अध्यक्ष नव्हते. ओझरच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि आमच्या नाशिक रोडच्या वसाहतीत दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर वादसभा भरवायचे. सतरंजी स्वतः अंथरायचे, उठल्यावर स्वतःच झटकायचे. हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण घरातून काकूसुद्धा "अहो अध्यक्ष, दूध उतू चाललंय" अशी हाक मारायच्या. मी तेव्हा डी.एड. करत होते. नोकरीचा पत्ता नसताना ते मला "मास्तरीणबाई" म्हणायचे आणि मी उगाच ताठ बसायचे.

सभेचा नियम एकच. आधी समोरच्याचं सांगायचं, त्याच्याकडून "हेच" वदवून घ्यायचं, मग विरोध करायचा. एका रविवारी विषय निघाला की बाजाराच्या रस्त्यावर सकाळी खासगी मोटारींना बंदी असावी. झाली पंचाईत! आमच्या वसाहतीत मोटार कुणाकडेच नव्हती. मोटारवाल्यांची बाजू सांगणार कोण? माझ्या मते प्रश्न तिथेच मिटला होता. पण अध्यक्षांनी सभा पुढे ढकलली आणि सायकल काढून थेट पिंपळगाव बसवंतच्या अण्णांकडे गेले. अण्णा द्राक्षांचे मोठे बागाईतदार, पांढऱ्या अॅम्बॅसॅडरमधून फिरायचे. अध्यक्ष त्यांच्या शेजारी बसून बाजारात दोन फेऱ्या मारून आले.

पुढच्या रविवारी अण्णा स्वतः सतरंजीवर मांडी घालून बसले होते. अध्यक्षांनी मोटारीची बाजू मांडली. द्राक्षाचं पीक नाजूक, भाव सकाळीच फुटतो, चार ठिकाणी वेळेत पोचावं लागतं. "आणि खरं सांगतो," ते म्हणाले, "सीट फार छान असते हो!" अण्णा पोट धरून हसले. मग अध्यक्षांनी त्याच रस्त्यावर हातगाडीवाले, शाळेची मुलं आणि दवाखान्यात निघालेली माणसं कशी अडकतात ते एकेक करून सांगितलं. शेवटी अण्णा म्हणाले, "पटलं तुमचं. लय पटलं. पण गाडी मी आणनारच, आधीच सांगून ठेवतो." बंदीसाठी केलेल्या आमच्या अर्जाचं पुढे काही झालं नाही, पण अण्णांची आणि अध्यक्षांची मैत्री मात्र जमली.

अण्णा शहरातल्या एका धर्मादाय मंडळाचे चिटणीस होते. त्या मंडळाची अँब्युलन्स तोवर फुकट यायची. मग कानावर आलं की आता भाडं लागणार, आणि तेही गाडी हलायच्या आधी रोख. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, छापखान्यात कामाला होते. एकदा त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती आणि पुन्हा आली तर क्षणभरही घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पगार सातला व्हायचा. वीस तारखेनंतर आमच्या घरात रोख पैसे शोधूनही सापडले नसते. निम्म्या वसाहतीची हीच कथा होती.

आमच्या वतीने मंडळापुढे बोलायला अध्यक्षच जाणार होते. आम्ही दहा-बारा जण मागे बसलो. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी मंडळाची बाजू घेतली. ड्रायव्हरला पगार द्यावा लागतो, डिझेल महागलंय, टायर झिजतात, एकदा गाडीतून उतरून गेलं की पैसे कोण आणून देतो? शिवाय काही महाभाग तर अँब्युलन्समधून लग्नाची भांडी नेतात! अण्णांनी टेबलावर थाप मारली. "वा! याला म्हणत्यात बोलनं! आमच्या मनातलं बोलले. घ्या मग ठराव." भराभर हात वर झाले. "अहो, आमचं अजून सांगायचंय," अध्यक्ष म्हणत होते, तोवर चहा आला.

परतताना ते सायकल हातात धरून माझ्या बाजूने चालत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. "तुमच्या त्या नियमापायी माझे दादा मरतील एक दिवस," असंही म्हणाले. ते हळूच म्हणाले, "तुझं म्हणणं असं आहे की..." "माझं म्हणणं मला ठाऊक आहे!" मी भर रस्त्यात ओरडले. माझ्या माहितीत एवढ्या एकाच वेळी त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

नियम मात्र सोडला नाही. उलट अण्णांच्या मागे लागले. बाजारात, मोटारीच्या खिडकीशी, लग्नाच्या पंगतीत, दिसतील तिथे एकच, "अण्णा, तुमचं मी सांगितलं. आमचं तुम्ही सांगायचं राहिलंय." असं वर्षभर चाललं. मंडळाच्या पुढच्या वार्षिक सभेत अण्णा वैतागून उठले. "सांगतो बाबा एकदाचं, मागं तरी सोड!" आणि बोलू लागले, "ही गरीब मानसं हायेत, आपन यांच्यावर दया..."

"नाही अण्णा," अध्यक्ष जागेवरून म्हणाले. "हे आमचं म्हणणं नाही. दया आम्ही मागितली नाही. पुन्हा सांगा."

अण्णांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हे चालते होणार. पण ते टोपी काढून उभे राहिले, विचार करत. मग सावकाश बोलले, "ही मानसं पैसे बुडवनारी नाय. पगार सातला व्हतो. दुखनं काय सातची वाट बघत नाय."

"हो," अध्यक्ष म्हणाले. "हेच."

अण्णा खाली बसलेच नाहीत. "मग पैसे मागून घ्यायचे," ते म्हणाले. "आधी नाय." भाडं राहिलं, पण ते पुढच्या पगाराला द्यायचं ठरलं. बाहेर येताना अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची माफी मागायची होती, पण तेवढं मोठं मन माझ्याजवळ तेव्हा नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे मनमाडला गेले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात वारले. पत्र आलं तेव्हा मी खरोखरची मास्तरीण होऊन फळ्यासमोर उभी होते. माफीचं राहूनच गेलं, आणि त्याची बोच आजही आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, महिन्याच्या सव्वीस तारखेला, भर दुपारी दादांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स लगेच आली. स्ट्रेचरवर झोपवताना दादा घामाने निथळत होते, तरी त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे जात होता. खिसा रिकामा आहे हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ड्रायव्हर नवीन पोरगा होता, त्याने अध्यक्षांचं नावही ऐकलेलं नसणार. त्याने दादांचा हात धरून हलकेच छातीवरून बाजूला ठेवला.

"राहू द्या बाबा," तो म्हणाला, "पैसे नंतर." आणि गाडी सुरू केली.