टोरंटोच्या चौकातली हाक

भुताखेतांचे किस्से निघाले की मी चहाचं निमित्त करून उठतो. असल्या गोष्टी माझी बायको वाचते, मी तिची थट्टा करतो. त्यामुळे हे मीच लिहायला बसलोय याचं मला नवल वाटतंय... आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

मी मूळचा यवतमाळकडचा. छत्तीसगड वेगळं झालं त्या सुमारास नोकरीसाठी रायपूरला आलो. मोठा भाऊ तिथल्याच उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये होता. त्याच्या दोन खोल्यांत मी लग्न होईपर्यंत राहिलो. भाऊ आता नाही. वहिनी मुलासोबत तिथेच राहतात. माझा फ्लॅट तेलीबांध्याला, ऑफिस नवा रायपुरात.

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं टोरंटोला मुलाकडे गेलो. त्याने तिथे एक तमिळ मुलगी पसंत केली होती. तिचे आईवडील दोघंही डॉक्टर, कित्येक वर्षांपासून तिथलेच. पहिल्या भेटीनंतर सगळ्यांनी मिळून डाउनटाउन बघायला जायचं ठरलं.

काचेच्या उंच इमारती नवा रायपुरातही आहेत, पण तिथल्या रुंद रस्त्यांवर माणूस शोधावा लागतो. इथे नुसती गर्दी! पगडीवाले सरदारजी, चिनी म्हाताऱ्या, हिजाब घातलेल्या कॉलेजच्या मुली, आफ्रिकी पोरांचा घोळका — सगळे आपापल्या भाषेत बोलत चाललेले. रस्त्याच्या मधोमध लाल ट्राम. मी मान वर करकरून बघत होतो. बाकीचे पुढे गेले. मुलीची आई, मीनाक्षीजी, तेवढ्या माझ्यासोबत थांबल्या होत्या.

सिग्नलपाशी उभे होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

“भाऊजी! ओ भाऊजी!”

वळलो. ट्रामच्या थांब्याजवळ वहिनी उभ्या होत्या. हिरवं सुती लुगडं, त्यावर भावाचा जुना मरून रंगाचा स्वेटर, पायात रबरी चप्पल. त्या थंडीत अंग चोरून उभ्या.

“भाऊजी, मले रस्ता समजून नाही राहिला. थांबा ना जरा!”

मला घाम फुटला. पण का ते सांगतो... वहिनी इथे कशा, हा प्रश्न नंतर आला. आधी मनात आलं, होणाऱ्या विहीणबाईंनी हे बघितलं तर काय म्हणतील!

मीनाक्षीजींनी बघितलंच होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “ती तुम्हाला हाक मारतेय का? हरवल्यासारखी दिसतेय बिचारी. ओळखीची आहे?”

“नो, नो. आय डोन्ट नो हर,” मी म्हणालो. वर आणखी म्हणालो, “मस्ट बी सम बेगर.”

सिग्नल सुटला. मी भराभर रस्ता ओलांडला. पाठीमागून अजून एकदा “भाऊजी” ऐकू आलं. पलीकडे जाऊन वळून पाहिलं, तर थांबा रिकामा.

तिथे दुपार म्हणजे रायपुरात मध्यरात्र. लगेच फोन करता आला नाही. रात्री, रायपुरात सकाळ झाल्यावर, पुतण्याला फोन केला. “आई? किचन में है काका, चाय बना रही है। क्यों?” मी म्हटलं, असंच. दिसण्यातला सारखेपणा असेल, अशी मनाची समजूत घातली. पण यवतमाळची बोली, आणि तीही त्याच आवाजात?

परत आल्यावर पेढे घेऊन उरल्याला गेलो. माझ्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून वहिनी हरखून गेल्या होत्या. चहा देता देता म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तिकडं होते ना, तव्हा मले एक सपन पडलं. आरशासारख्या मोठमोठ्या बिल्डिंगा, अन् रस्त्याच्या मधातून लाल रेल्वे चालून राहिली! मले तर काहीच समजेना. मंग तुम्ही दिसले. तुमच्या संग एक बाई होती, लांब काळा कोट घातलेली. मी लय हाका मारल्या.”

मीनाक्षीजींचा त्या दिवशीचा कोट काळाच होता. लांब. मी हातातली बशी खाली ठेवली.

“त्या बाईनं पाहिलं माह्याकडं,” वहिनी म्हणाल्या. “तिनं काही पुसलं तुम्हाले. तुम्ही इंग्रजीत काही तरी सांगतलं, अन् गेले. मले इंग्रजी कुठं समजते! काय म्हटलं असन हो तुम्ही?”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं कुतूहल.

मी म्हटलं, “काय म्हणणार, वहिनी? ‘ही माझी वहिनी’ म्हटलं असेल.”

“हव?” त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. “मंग ठीक. मी उगीच दिवसभर वाईट वाटून घेतलं.”

त्या तिथे कशा आल्या, मीनाक्षीजींना कशा दिसल्या — मला आजही काही सांगता येत नाही. बायकोलाही अजून बोललो नाही. कोणाला असं काही माहीत असेल तर जरूर सांगा. मी वहिनींना मात्र विचारू शकत नाही... विचारायचं तर आधी त्या इंग्रजी वाक्याचा खरा अर्थ सांगावा लागेल.